बिजागरीला तेल

वर्गाचं दार हातात धरून कोपर शिकवायची पद्धत माझी स्वतःची. पुस्तकात एवढंच असतं की खांदा हा उखळीचा सांधा आणि कोपर हा बिजागरीचा सांधा. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. मी मुलांना उठवून दाराशी न्यायचो. दार उघडायचो, मिटायचो. 'बघा, एकाच बाजूला उघडतं. उलट्या बाजूला ढकललंत तर बिजागरी उखडेल. कोपराचं तसंच.' खांद्यासाठी घरून खलबत्ता न्यायचो आणि बत्ता खलात गरगर फिरवून दाखवायचो. आमची शाळा भिवंडीत, भिंतीपलीकडे कापडाचे लूम, दिवसभर खडखडाट; तरी त्या दाराची करकर शेवटच्या बाकापर्यंत ऐकू यायची. मग मी खिशातून तेलाची छोटी बाटली काढायचो आणि बिजागरीवर दोन थेंब सोडायचो. दार गप्प व्हायचं. 'सांध्यालाही वंगण लागतं,' मी म्हणायचो, आणि वर्ग खूश व्हायचा. एकतीस वर्षं मी हा प्रयोग केला आणि एकतीस वर्षं मला तो फार हुशारीचा वाटला.

एकदा तो मी घरी स्वयंपाकघराच्या दारावर बायकोलाही करून दाखवला होता. ती भाकऱ्या करत होती. तांदळाची भाकरी ती परातीत थापत नाही, दोन तळहातांवर थापते. हा तळवा वर, तो खाली, मग उलट, आणि भाकरी मधल्यामध्ये फिरत फिरत मोठी होते. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि हात न थांबवता विचारलं, "दार असं उताणं-पालथं होतं काय?"

तिचा कोपरापासून खालचा हात माझ्या डोळ्यांसमोर फिरत होता. मी म्हणालो, "ते आठवीच्या अभ्यासक्रमात नाही." ती हसली. मी चिडलो, कारण मला उत्तर येत नव्हतं.

तिचं माहेर खारबावकडचं. तिकडे लग्न निघालं की मांडवामागे चुली मांडतात आणि भाकऱ्यांसाठी ठरलेल्या बायकांना आवतण जातं. त्यात पहिलं आवतण माझ्या बायकोला. तिची भाकरी एवढी पातळ आणि एवढी गोल की नवख्या बाया बाजूला बसून नुसत्या तिचे हात बघायच्या. शाळेत मी सर होतो, पण कोन गावापासून खारबावपर्यंत लोक मला 'भाकरीवालीचा नवरा' म्हणून ओळखायचे. मला ते आवडायचं नाही, हे आता कबूल करून टाकतो.

मी निवृत्त झालो त्याच हिवाळ्यात ती पडली. कोनला तिच्या चुलतभावाकडे लग्न होतं. मी पुढे मांडवात बाप्यांमध्ये बसून, ऐकणाऱ्याने विचारलेलं नसताना, गोदामांवरच्या ट्रकच्या धुराने फुप्फुसांचं काय होतं ते सांगत होतो. मागच्या दाराच्या लादीवर पीठ सांडलं होतं, त्यावर कोणीतरी पाणी ओतलं होतं. तिचा पाय सरकला आणि ती मागे टेकवलेल्या उजव्या हातावर पडली. ती ओरडली नाही. एक बाई पुढे येऊन मला म्हणाली, "सर, मागं चला. बाई हातावर पडल्यात."

मी गेलो आणि जे पाहिलं ते पुस्तकातल्या एकाही आकृतीत नव्हतं. कोपराचं टोक मागच्या बाजूला भलतीकडेच निघालेलं होतं आणि हात आखूड दिसत होता. मी तिथेच पिठाच्या डब्यावर बसलो. माझ्या बायकोने डाव्या हाताने उजवा हात पोटाशी धरला होता, तोंड पांढरं पडलेलं होतं, आणि तीच मला म्हणाली, "अहो, बसता काय? रिक्षा बोलवा."

ज्या डॉक्टरकडे नेलं तो माझाच विद्यार्थी. हाडांचा डॉक्टर झालेला, नाक्याजवळ त्याचा स्वतःचा दवाखाना. आधी तो माझ्या पाया पडला, मग त्याने एक्स-रेचा फोटो काढला, भूल दिली आणि कोपर जागेवर बसवलं. हाड मोडलं नव्हतं, सांधा निखळला होता. तीन आठवडे प्लास्टर. ते काढलं तेव्हा हात अर्धवट वाकलेला होता, ना सरळ होत होता ना नीट मिटत होता. "हे असं होतंच," तो म्हणाला. "काकूंनी स्वतःहून, दुखेल तिथपर्यंतच हलवायचा. दुसऱ्या कोणी ओढायचा नाही, दाबायचा नाही. मालीश अजिबात नको. सर, तुम्हाला वेगळं सांगायला नकोच. पंधरा दिवसांनी दाखवा." आणि तेच त्याने कागदावरही लिहून दिलं.

तो कागद मी घरी आल्यावर वाचला आणि काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणालो, "हे अडाण्यांसाठी लिहिलेलं असतं."

खरं सांगायचं तर मला ते झोंबलं होतं. माझ्या दाराशी उभा राहून जो कोपर शिकला, तो मला कोपर शिकवत होता. शिवाय मी निवृत्त, हातात काम नाही, आणि समोर एक करकरणारी बिजागरी. मी तिळाचं तेल कोमट केलं, त्यात ओवा टाकला, आणि रोज सकाळी अर्धा तास व संध्याकाळी अर्धा तास तिचं कोपर चोळायला बसलो. आधी दंड, मग खाली, मग कोपराच्या खळगीत अंगठ्याने गोल गोल. शेवटी एक हात दंडावर, एक मनगटावर, आणि हळूहळू दाब. ती ओठ मिटून घ्यायची. तिच्या कपाळावर घाम यायचा. "दुखतंय म्हणजे गुण येतोय," मी सांगायचो.

सासूबाई हात बघायला आल्या. त्यांनी तेलाची वाटी पाहिली. "जावयबापू," त्या म्हणाल्या, "निखळल्या हाताला तेल लावत न्हाईत. आमच्याकडं बांधून ठेवतात. तो आपला आपण सुटतो."

मी त्यांना रक्ताभिसरण समजावून सांगितलं. उष्णतेने रक्तवाहिन्या कशा रुंदावतात, घर्षणाने स्नायू कसे सैल होतात. त्यांनी सगळं ऐकलं. "तुमी शिकलेली माणसं," त्या म्हणाल्या आणि चहा पिऊन पाचच्या गाडीने गेल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणतात. माझ्या बैलाला तर मी स्वतःच दावणीतून सोडत होतो.

मग मला वज्रेश्वरी सुचली. आमच्याकडे गुडघा धरला, कंबर धरली की माणूस वज्रेश्वरीला जातो, कुंडात बसतो, देवीला नारळ फोडतो आणि बरा होऊन येतो. मी जन्मभर या लोकांना हसलो. आता मात्र मी त्याला शास्त्र जोडलं. गरम पाणी, त्यातलं गंधक, आणि पाण्यात असतानाच मालीश. लागोपाठ चार रविवार आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. ती कुंडाच्या पायरीवर बसायची, हात पाण्यात, आणि मी पाण्यात उभा राहून तो ताणायचो, मोजून वीस वेळा. लोक भोवती जमायचे. मी त्यांना गंधकाबद्दल सांगायचो. एका गृहस्थांनी स्वतःचा खांदा पुढे केला, तर त्यांचाही चोळून दिला. येताना बसमध्ये मला फार बरं वाटायचं. बायको खिडकीशी डोळे मिटून बसायची. मला वाटायचं, झोप लागलीय.

तिसऱ्या रविवारनंतर कोपर गरम लागायला लागलं. मी म्हणालो, आतली उष्णता बाहेर येतेय. मग खळगीत, दंडाच्या अगदी खालच्या टोकाला, सुपारीएवढी गाठ लागली. मी म्हणालो, स्नायू आखडलाय, आणि अंगठ्याचा जोर वाढवला. गाठ विरघळेना. उलट ती पसरत होती, आणि हात दर आठवड्याला थोडा कमी वाकत होता. एके दिवशी दुपारी जेवताना तिने घास उचलला आणि तो तोंडापासून वीतभर लांब थांबला. तिने खांदा वर करून पाहिला, मान पुढे काढून पाहिली. मग घास डाव्या हातात घेतला. माझ्या हातातला घास तसाच राहिला. त्या दिवशी मी डॉक्टरचा कागद पुन्हा काढला.

पंधरा दिवसांनी दाखवायला सांगितलं होतं, आम्ही दोन महिन्यांनी गेलो. डॉक्टरने कोपर हातात घेतलं, खळगीवर बोट ठेवलं आणि त्याचा चेहरा बदलला. फोटो काढून आणायला सांगितलं. तो त्याने दिव्याच्या काचेवर लावला.

मी आयुष्यात एवढा कधी हादरलो नाही. दंडाचं हाड होतं, खालची दोन हाडं होती, सगळी आपापल्या जागी. आणि त्यांच्या पुढे, जिथे मांस असतं, जिथे फोटोत नुसता काळोख असायला हवा, तिथे एक पांढरा ढग होता. मी विचारलं, "फोटो खराब आलाय का?"

"नाही सर. हाड आहे ते."

"तिथे हाड नसतं."

"नसतं," तो म्हणाला. "आता आहे."

त्याने कागदावर काढून दाखवलं. दंडाला आपण बेटकुळी काढतो तो स्नायू वरचा. त्याच्या खाली, हाडाला चिकटून, आणखी एक रुंद स्नायू असतो आणि तो कोपराच्या सांध्याच्या अगदी अंगावरून खाली जातो. कोपर निखळतं तेव्हा हाच फाटतो. आत रक्त साठतं. गप्प ठेवला तर बहुधा भरून येतो. पण त्याला चोळलं, दाबलं, ताणलं, की शरीर गोंधळतं आणि त्या मांसात हाड घालू लागतं. एकतीस वर्षं मी दंड शिकवला. हा खालचा स्नायू मला माहीतच नव्हता. जो मला माहीत नव्हता, तोच मी दोन महिने रोज तासभर अंगठ्याने शोधून शोधून चिरडत होतो.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मालीश कोणी केली?"

मी तोंड उघडलं असतं, उघडणार होतो, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण त्याआधी बायको म्हणाली, "आमच्याकडं एक बाई येती. बाळंतिणींना चोळती ती. तिनं केली."

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. डॉक्टर संतापला. या बाया, यांचं तेल, यांचे हातगुण. किती हात यांनी घालवलेत. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, तुम्ही तरी अडवायचं ना."

आणि मी म्हणालो, "ऐकत नाहीत बायका."

हे वाक्य मी म्हणालो. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती, हात पदराखाली झाकून. फोटोतल्या हाडाने मला बसला त्याहून मोठा धक्का मला माझ्या त्या तीन शब्दांनी बसला, आणि तरी मी ते परत घेतले नाहीत. डॉक्टर म्हणाला की आता वर्षभर थांबायचं. हाड पक्कं होईपर्यंत काही करता येत नाही. काही वेळा थोडं आपोआप विरतं, नाहीतर ऑपरेशन, आणि तेव्हाही हात पूर्ण येईलच असं नाही. "आणि पुढच्या खेपेला त्या बाईला घेऊन या. समजावून सांगतो. नाहीतर ती अजून कोणाकोणाचे हात घालवेल."

"आणू," मी म्हणालो.

येताना पुढे कंटेनर अडकला होता, रिक्षा थांबली होती. तिने विचारलं, "म्हंजे उद्यापासून चोळायचं न्हाय ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता. सुटका होती.

"एवढं दुखत होतं?"

"मंग काय."

"बोलली का नाहीस?"

"बोलली की. तुम्ही बोललात, गुण येतोय." मग ती म्हणाली, "तो तुमच्या पाया पडतो. त्याच्यासमोर तुमचा अपमान कशाला?"

कंटेनर हलला.

त्यानंतरच्या दिवसांत मी तिची वेणी घालायला शिकलो, आणि ती वाकडी येते हेही शिकलो. कुंकू ती डाव्या हाताने लावायची. तेलाची वाटी मी घासून माळ्यावर टाकली. लग्नाचा मोसम आला आणि आवतणं आली. ती प्रत्येकाला सांगायची, 'हात बरा न्हाय, दुसरीला बोलवा.' त्यांचे चेहरे बघवत नसत. एकीने विचारलं, "आता कधीच न्हाय?" तेव्हा बायको आत निघून गेली. मी बाहेर त्या बाईला पाणी दिलं आणि स्वतःच्या अंगठ्यांकडे बघत बसलो. ते मला तोडून टाकावेसे वाटत होते.

एका सकाळी स्वयंपाकघरातून थापल्याचा आवाज आला. ती ओट्याशी उभी होती. कोपर जिथे अडकलं होतं तिथेच अडकलेलं, पण तळहातांत एक लहानशी भाकरी होती आणि ती फिरत होती. तळवा वर, तळवा खाली. मी दारातच थांबलो. "हे कसं होतंय?"

"मला काय माहीत? तुम्ही सर." तिने भाकरी तव्यावर टाकली. "दार अडकलंय. हे फिरतंय."

मी पुस्तकं काढली, या वेळी मोठी, शाळेची नव्हेत. कोपरात एक सांधा नाही, तीन आहेत, एकाच पिशवीत. एक बिजागरीचा. पण बाहेरच्या बाजूचं हाड आतल्या हाडाभोवती गिरकी घेतं, तिथला सांधा वेगळा; तळवा उताणा-पालथा होतो तो त्याच्यामुळे. जे तिने मला वीस वर्षांपूर्वी विचारलं होतं आणि जे मी अभ्यासक्रमात नाही म्हणून उडवून लावलं होतं, तेवढंच काय ते माझ्या अंगठ्यांतून वाचलं होतं. पुस्तक मिटलं तेव्हा मला रडू आलं. भाकरी लहान होती, जाड होती, कडेला फाटली होती. आम्ही दोघांनी ती अर्धी अर्धी खाल्ली.

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा डॉक्टरकडे गेलो. बाहेर बाकावर बसलेलो असताना बायको हळूच म्हणाली, "त्या बाईचं विचारलं तर मी सांगते. तुम्ही बोलू नका." तिने सगळी जुळवाजुळव करून ठेवली होती.

त्याने विचारलंच. नवा फोटो काचेवर लावता लावता म्हणाला, "आणलंत का त्या बाईला?"

"ती कुठली येती," बायको म्हणाली. "ती गेली तिच्या लेकीकडं, तिकडं…"

मी माझे दोन्ही हात त्याच्या टेबलावर ठेवले, तळवे वर करून.

"आणलंय," मी म्हणालो. "ती बाई मीच. तू लिहून दिलेला कागद मी वाचला होता. हिच्या आईनेही अडवलं होतं मला. आणि त्या दिवशी मी म्हणालो ना, ऐकत नाहीत बायका? ही ऐकत होती. रोज दोन वेळा, घाम येईपर्यंत, माझंच ऐकत होती."

त्याच्या हातातला फोटो तसाच राहिला. तो माझ्या हातांकडे बघत होता. "सर…" तो म्हणाला. त्याने मला त्या बाईला झापलं होतं तसं झापावं, अशी माझी फार इच्छा होती. त्याने नुसता फोटो काचेवर लावला. बाहेर कोणाचं तरी नाव पुकारलं जात होतं.

"झालं तुमचं?" बायको म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज चुलीपाशी बसलेल्या बाईचा होता. "मंग आता माझा हात बघू दे त्याला."

डॉक्टरने खुर्ची पुढे ओढली. "काकू, तोंडाकडे न्या बघू. जोर नाही करायचा."

तिने हात उचलला. तो सावकाश वर आला, हनुवटीच्या खाली आला, आणि तोंडाला चार बोटं उरली असताना थांबला. आधी वीत होती. आम्ही तिघेही त्या चार बोटांकडे बघत होतो. मग तिने मान वाकवली, तोंडच खाली हाताशी नेलं, बोटं ओठांना लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढ्यावर भागंल."